लेकींच्या दिवशी लिहून दिलेले घर

मी खमीसा, बाप सासी हद्दाद, चांदीकाम करणारा, राहणार मोठा हारा ही ज्यू वस्ती, जेर्बा बेट, वय वर्षे सदुसष्ट, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डोळ्यांना चष्म्याशिवाय दिसत नाही, पण चष्मा लावलेला आहे. हात सकाळी अर्धा तास थरथरतो, तो आता थांबला आहे. यापुढे "कोणाच्याही दडपणाखाली नाही" असे लिहायची पद्धत आहे. रब्बी शौशान समोर बसले आहेत. ते म्हणाले, "लिही, खमीसाबाई. त्याशिवाय कागद उभा राहत नाही."

मी म्हटले, "अडतीस वर्षं दडपणाखाली काढली. खोटं कसं लिहू?"

"कागदापुरतं लिही."

म्हणून कागदापुरते लिहिते की आत्ता, या टेबलापाशी, माझ्यावर कोणाचे दडपण नाही.

अक्षर माझे स्वतःचे आहे. माझ्या वयाच्या फारशा बायकांना आमच्या हाऱ्यात लिहिता येत नाही. मला बाबांनी शिकवले. मी शहाणी व्हावी हा त्यांचा हेतू नव्हता. नवऱ्यामुलीच्या चांदीच्या पेटीवर तिचे नाव कोरायला घरात कोणीतरी हवे होते.

आज हनुक्क्याचा सातवा दिवस, तेवेत महिन्याचा पहिला. आम्ही बायका याला लेकींचा दिवस म्हणतो. आज बाईने काम करायचे नसते. लिहिणे हे काम धरतात का, असे मी रब्बींना विचारले. ते म्हणाले, "हे आवरणं आहे. आवरायला हरकत नाही."

कलम पहिले. घर.

निळ्या दाराचे, तीन खोल्यांचे, अंगण आणि पाण्याचे टाके असलेले हे घर, जे माझ्या बाबांनी मला दिले, ते मी माझी एकुलती एक मुलगी वरीदा हिला देते. मेल्यावर नाही. आज देते. हा कागद संपायच्या आत किल्ली तिच्या हातात जाईल.

याचे कारण स्पष्ट लिहिते, म्हणजे पुढे कोणी म्हणू नये की म्हातारीला काही कळत नव्हते. आमच्या शास्त्राप्रमाणे बायको मेली की तिचे असेल नसेल ते नवऱ्याचे. आणि हाऱ्याच्या लेखी मी अजून ख्लीफा बित्तान या माणसाची बायको आहे. तो १९६७ साली समुद्रापलीकडे मार्सेयला गेला. तिथे त्याने दुसरा संसार थाटला आणि मला सोडचिठ्ठी दिली नाही. आमच्यात सोडचिठ्ठी नवऱ्याने स्वतःच्या मर्जीने लिहवून घेऊन बायकोच्या ओंजळीत टाकावी लागते. तो टाकत नाही तोवर ती त्याची. तो आला नाही तरी त्याची, त्याने विचारले नाही तरी त्याची. दुसऱ्याशी लग्न करायचे तिने मनातही आणू नये.

सरकारी कोर्टाने मला १९७६ सालीच मोकळे केले. तो कागद पत्र्याच्या डब्यात आहे. म्हणजे सरकारला विचारले तर मी घटस्फोटित आणि सिनेगॉगला विचारले तर नांदती. न नांदवलेली नांदती.

तो ख्लीफा परवा शुक्रवारी विमानाने परत आला आहे. दोन गल्ल्या पलीकडे, त्याची बहीण तैता हिच्याकडे उतरला आहे. आणि त्याला या घरात राहायला यायचे आहे. म्हणून ही घाई.

कलम दुसरे. हत्यारे.

कोरण्या अकरा, छोटी एरण, तार ओढायची भोकांची पोलादी पट्टी, फुंकणी आणि तीन चिमटे, एवढे सगळे माझी नात, वरीदाची मुलगी मैसा हिला देते. जावई म्हणतील, मुलीला हे कशाला. जावईबापू, तुमच्या आईच्या लग्नातली पेटी काढून बघा. तिच्या झाकणावरचे तारकामाचे दोन मासे मी केले आहेत. खाली शिक्का बाबांचा आहे, कारण बाजारात बाईच्या हातची चांदी कोणी घेत नसे. बाबांनी माझे काम आपल्या नावाने विकले, आणि दर संध्याकाळी दुकान बंद करून आल्यावर आधी विचारले, "खमीसा, बोटं दुखतात का?" त्यामुळे या बाबतीत मला कधी नीट रागावता आले नाही.

सगळ्यात बारीक कोरणीची मूठ सैल आहे. ती बदलू नये. तिला तशीच धरायची सवय लावून घ्यावी.

कलम तिसरे. दिवा.

दाराबाहेर डाव्या हाताला टांगायचा पितळी दिवा, आठ वाट्यांचा आणि वर एक नववी वाटी असलेला, हा घराबरोबरच राहावा. पहिल्या संध्याकाळी एक वात पेटवावी, मग रोज एकेक वाढवावी. आठ दिव्यांच्या उजेडात शिवायचे नाही, निवडायचे नाही, वाचायचे नाही. तो उजेड वापरायचा नसतो, नुसता बघायचा असतो. वापरायला वरचा नववा. हे मैसाला माहीत आहे, तरी लिहिते, कारण ती गेल्या वर्षी पाचव्या दिव्याखाली मोबाइल फोन चाचपत होती.

हा सण कशाचा, ते लहान मूलही सांगते. परक्या राजाने आपले मंदिर विटाळले, आपल्या लोकांनी ते लढून परत घेतले, आणि आत शुद्ध तेलाची एकच कुपी मिळाली. तेल एका दिवसाचे, पण जळले आठ दिवस. सगळे चमत्कार म्हणतात. मीही म्हणते. पण चौथ्या-पाचव्या दिवशी त्या तेलाचे काय होत असेल, हा विचार १९६९ च्या हिवाळ्यापासून माझ्या मनात येतो. एकदाचे संपू द्या, असे त्याला वाटले असेल का? एवढे वाचून रब्बींनी भुवया चढवल्या, पण खोडायला सांगितले नाही.

बायकांनी दिवे जळत आहेत तोवर हातात काम घेऊ नये, ही रीत येहुदितमुळे पडली असे सांगतात. तिने शत्रूच्या सरदाराला खारट चीज खायला घातले, तहान लागली तशी दारू पाजली, आणि तो घोरायला लागल्यावर त्याची मान कापली. दर वर्षी लेकींच्या दिवशी गल्लीतल्या पोरी या अंगणात जमतात, आपापल्या इवल्या पातेल्यांत रांधतात आणि मला ती गोष्ट सांगायला लावतात. "खमीसाआजी, मान कापते तिथं आवाज बारीक नको हां करूस!" मी करत नाही. हे अंगण वरीदाने त्या पोरींना पुढेही मोकळे ठेवावे.

टाक्याजवळच्या डाळिंबाची अर्धी फळे शेजारीण शम्मा हिला द्यावीत. ती तशीही भिंतीवरून काठी घालून नेतेच. दिली म्हणजे चोरी होणार नाही आणि तिची मजा जाईल.

कलम चौथे. तैता.

लेकींच्या दिवशी आई लेकीला काहीतरी देते, नवऱ्यामुलाकडचे नवरीकडे ताट पाठवतात, आणि ज्या बायकांचा अबोला असेल त्यांनी या दिवशी बोलायचे असते. मी एकतीस वर्षे ही रीत मोडत आले आहे. का ते लिहिते.

ख्लीफा निघाला तेव्हा वरीदा सहा वर्षांची होती. त्या उन्हाळ्यात पुष्कळ लोक बेट सोडून गेले. तो म्हणाला, "हनुक्क्याच्या आत बोलावतो. पोरीचे कपडे बांधून ठेव." मी गाठोडे बांधून दाराशी ठेवले. हनुक्का आला आणि गेला. पोर वाढली, कपडे आखूड झाले, मी गाठोडे सोडून त्यात मोठे कपडे बांधले. असे तीनदा केले. चौथ्यांदा बाबांनी गाठोडे उचलून कपाटात टाकले.

तैता ख्लीफाची धाकटी बहीण, माझी नणंद. मी दर महिन्याला तिच्याकडे जायची. "वहिनी, त्याचं मलाच पत्र नाही, तर तुला कुठून सांगू?" असे म्हणून ती डोळे पुसायची. कधी कधी मीच तिची समजूत काढायची.

१९७४ साली लेकींच्या दिवशी मी तिच्याकडे ताट घेऊन गेले. ती चुलीपाशी योयो तळत होती, म्हणजे पिठाची गोल कडी, तळून पाकात बुडवतात ती. म्हणाली, "वहिनी, फळीवरनं साखर दे ना." साखरेच्या डब्यामागे फोटो उभा केलेला होता. त्यात ख्लीफा, एक बाई आणि दोन-तीन वर्षांचा मुलगा. मागे समुद्र, पण आमचा नव्हे.

"तैता, हे कोण?"

तिने वळून बघितले नाही. कढईतले योयो उलटत राहिली. "जळेल गं," म्हणाली.

"तैता."

"तो म्हणाला, सांगू नकोस. भाऊ आहे माझा. मी काय करू?"

"सात वर्षं?"

"पहिल्या वर्षी सांगायचं राहिलं, वहिनी. मग सांगायला तोंड राहिलं नाही."

मी साखरेचा डबा तिच्या हातात दिला आणि घरी आले. त्यानंतर दर वर्षी या दिवशी तिचे ताट येते, आणि मी वरचे फडके न उचलता परत पाठवते. आजही सकाळी आले होते. आजही परत गेले.

तैताने माझ्या लग्नात मला घातलेले कानातले तिला परत द्यावेत. अबोला मी माझ्याबरोबर नेईन.

कलम पाचवे. ख्लीफा.

कोर्टाचा कागद मिळाल्यावर वर्षभराने ब्राहम माझ्या बाबांकडे आला. त्याचा ऑलिव्हचा घाणा होता आणि बायको बाळंतपणात गेली होती. अबोल माणूस. बाबांना म्हणाला, "खमीसा मोकळी झाली तर मी विचारायला येईन. तोवर विचारत नाही." आणि उठून गेला. मी पडद्याआड तार ओढत होते. ती तार त्या दिवशी दोनदा तुटली.

बाबांनी मार्सेयला पत्र घातले. आता पत्ता माहीत होता. उत्तर एका ओळीत आले: सोडचिठ्ठी फुकट मिळत नसते.

फुकट नाही म्हणजे काय, ते १९८१ साली कळले. वरीदाच्या लग्नाला ख्लीफा आला. पोरीचा बाप म्हणून त्याला बोलवावेच लागले. तेव्हाचे म्हातारे रब्बी म्हणाले, आला आहे तर याच आठवड्यात सोडवून घेऊ. लग्नाच्या आदल्या दुपारी या अंगणात बाबा, रब्बी आणि ख्लीफा बसले. ख्लीफा माझ्या हातचे मासळी घातलेले कुसकुस खात होता. खाता खाता म्हणाला, "हे घर माझ्या नावावर करा. उद्या सकाळी लिहून देतो."

रब्बी म्हणाले, "लाज वाटते का?"

"मासळीत मीठ थोडं कमी आहे," ख्लीफा म्हणाला.

बाबा लगेच म्हणाले, "दिलं. घर दगडाचं आहे, पोर हाडामांसाची आहे. आण कागद."

मी स्वयंपाकघरातून बाहेर आले आणि म्हटले, "नाही."

वरीदा मेंदीचे हात वर धरून दारात उभी होती. ती ओरडली, "आई, देऊन टाक ना! भिंतींसाठी जन्म घालवणार आहेस का?"

मी तिला उत्तर दिले नाही. ती मला चोवीस वर्षे तेच विचारते आहे, कधी तोंडाने, कधी नुसती बघून. वरीदा, त्या दिवशी तुझे आजोबा ऐकत होते म्हणून मी बोलले नाही. आता ते नाहीत. त्यांची नजर तेव्हा जवळजवळ गेली होती, हे तुला ठाऊक होते. पण ते घरात कसे वावरत ते तू नीट पाहिले नाहीस. दारापासून टाक्यापर्यंत अकरा पावले, टाक्यापासून खाटेपर्यंत सात. भिंतीचा प्रत्येक खडबडीत दगड त्यांच्या तळव्याला माहीत होता. या घरात ते डोळस होते. भाड्याच्या खोलीत नेले असते तर आंधळे झाले असते, आणि महिन्याभरात गेले असते. माझी सोडचिठ्ठी त्यांचे डोळे विकून घ्यायची होती. ते विकायला तयार होते. मला ती विकत घ्यायची नव्हती.

ते आणखी सात वर्षे जगले. एकदाही धडपडले नाहीत.

ख्लीफाने मला कोंडले हे खरे आहे. पण त्या दुपारी आतून कडी लावली ती मी, हेही खरे आहे. खोटे लिहून मरायचे नाही म्हणून लिहिते.

ब्राहम तेव्हा लग्नासाठी तेल घेऊन आला होता. दाराबाहेर डबा घेऊन उभा होता, म्हणजे त्याने सगळे ऐकले. मी दार उघडले तेव्हा त्याने डबा खाली ठेवला आणि "बरं" एवढेच म्हणाला. पुढे दर हिवाळ्यात नव्या घाण्याचे पहिले तेल माझ्या दिव्यासाठी यायचे, दुसऱ्या कोणाच्या तरी हातून. त्याने लग्न केले नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी तो गेला. त्याच्या मातीला मला जाता आले नाही, कारण कोण म्हणून जायचे? या कागदात मी त्याच्या नावाने काही ठेवू शकत नाही. मी त्याची कोणी नव्हते.

आता गेल्या महिन्याचे. तैता एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या दारात आली. उंबऱ्याच्या बाहेरच उभी राहिली.

"वहिनी, दादाचं तिकडलं घर मोडलं. ती बाई वारली. मुलगा ठेवून घेत नाही. गुडघे गेलेत. म्हणतो, आता घरी येतो."

"कोणाच्या घरी?"

"बायको आहेस ना तू त्याची."

"एकतीस वर्षांनी बोलायला आलीस, तैता, आणि एवढंच आणलंस?"

तिने खाली बघितले. "त्याने सांगितलं ते सांगितलं. माझं मी अजून बोललेच नाही." आणि गेली.

मी रब्बी शौशानांकडे गेले. त्यांनी दाढी कुरवाळली आणि जे खरे ते सांगितले. बायको आहे तोवर नवरा तिच्या घरी येऊ शकतो, आणि आजारी असेल तर हारा मलाच नावे ठेवील. पण सोडचिठ्ठी झाली, की सुटलेल्या दोघांनी एका अंगणात राहू नये असे शास्त्रच सांगते. म्हणजे जी चिठ्ठी मला एकेकाळी दुसऱ्याच्या घरी जाण्यासाठी हवी होती, ती आता याला माझ्या घरात येऊ न देण्यासाठी हवी आहे. मी सदुसष्ट वर्षांची आहे, मला कोणाशी लग्न करायचे नाही. मला फक्त माझ्या अंगणात याच्या चपला नकोत.

शुक्रवारी दुपारी रब्बी त्याच्याकडे जाऊन आले. तो हसला म्हणे. "या वयात सोडचिठ्ठी? लोक काय म्हणतील, रब्बी? आता आम्हा दोघांना एकमेकांशिवाय आहे कोण? लेकींचा दिवस झाला की सामान हलवतो."

म्हणून घर आज वरीदाचे होत आहे. सोडचिठ्ठी मिळाली नाही तरी तो बायकोच्या घरी येणार नाही. लेकीच्या घरी येईल, आणि लेक काय ते ठरवील.

ख्लीफा बित्तान याला: काही नाही. शिवीसुद्धा नाही.

इथवर लिहून मी किल्ली टेबलावर ठेवली. वरीदा माझ्या खांद्यामागे उभी राहून वाचत होती, पाचवे कलम तिने दोनदा वाचले. मला वाटले ती रडेल किंवा भांडेल. तिने किल्ली उचलली, शाल घेतली आणि बाहेर गेली. दुपारचे बारा वाजले आहेत. सही करायला दुसरा साक्षीदार यायचा आहे, म्हणून कागद उघडाच ठेवला आहे.

पुरवणी, त्याच दिवशी लिहिलेली.

जे झाले ते मी सगळे डोळ्यांनी बघितलेले नाही. मैसा धावत येऊन सांगत होती, पुन्हा जात होती, पुन्हा येत होती.

वरीदा तडक तैताकडे गेली. ख्लीफा जेवणाची वाट बघत आत बसला होता. तिने दारातूनच सांगितले, "बाबा, निळ्या दाराचं घर आजपासून माझं आहे. त्यात तुम्हाला जागा नाही. आईची सोडचिठ्ठी लिहा, म्हणजे तुमच्या औषधापाण्याचं मी बघीन. इथंच, आत्याकडे. नाही लिहिलीत, तर मी या पायरीवरून उठणार नाही."

"अगं, घरी जा. पोरंबाळं आहेत तुला," तो म्हणाला.

"आज मला काम नाही," वरीदा म्हणाली आणि पायरीवर बसली.

आज कोणत्याच बाईला काम नव्हते. आधी शम्मा आली, काठी टेकत. तिला फक्त काय चालले आहे ते बघायचे होते, पण उभे राहून पाय दुखायला लागले म्हणून बसली. मग तिच्या सुना आल्या. माझ्या अंगणात यायच्या त्या पोरी आपली पातेली घेऊन तिकडेच गेल्या आणि मागच्या दाराशी चूल मांडून बसल्या. दोन वाजेपर्यंत गल्ली भरली. कोणी ओरडत नव्हते. पोरी रांधत होत्या, बायका बिया सोलून खात होत्या.

ख्लीफा खिडकीत आला. "काय गं बायांनो, घरी चुली नाहीत का?"

"आज नाहीत," शम्मा म्हणाली. "आज आम्ही मोकळ्या आहोत. तुझं काय?"

तो मागच्या दाराने दुपारच्या प्रार्थनेला निघाला. तिथे पोरी बसलेल्या. एका आठ वर्षांच्या मुलीने त्याला सांगितले, "आजोबा, पातेलं ओलांडू नका, सांडेल." तो परत आत गेला. बाहेर जायचे तर बायकांच्या अंगावरून जावे लागले असते, आणि आत बसायचे तर बाहेरचे सगळे ऐकावे लागत होते.

मग तैता बाहेर आली. हातात स्टूल होते. आपल्याच घराचे दार तिने बाहेरून ओढून घेतले, आणि वरीदाच्या शेजारी स्टूल मांडून बसली.

आतून आवाज आला, "तैता! जेवायला वाढतेस ना?"

"नाही, दादा," ती म्हणाली. "आज माझाही दिवस आहे."

"तू पण?"

"तुझं ऐकून सात वर्षं गप्प बसले, आणि एकतीस वर्षं माझं ताट परत आलं. आता तूच सांग, कुणाचं ऐकू?"

तीन वाजता त्याने रब्बींना बोलावणे पाठवले.

रब्बी शौशान लेखनिकाला, शाई आणि कागद घेऊन गेले. सोडचिठ्ठीच्या बारा ओळी असतात आणि ती लिहिलेल्या दिवशीच, सूर्य मावळायच्या आत सह्या होऊन हातात पडावी लागते. लेखनिक हवाती हा सावकाश माणूस. चौथ्या ओळीला त्याची लेखणी अडखळली आणि त्याने नवा कागद घेतला. हे मैसाने मला येऊन सांगितले तेव्हा मी तिला म्हटले, आता तू इथेच थांब, मला आणखी सांगू नकोस. ऊन अंगणाच्या भिंतीवर चढत होते. मी भिंतीकडे पाठ करून बसले.

सूर्य जायला थोडाच वेळ उरला होता तेव्हा ते सगळे आले. ख्लीफा दाराबाहेर थांबला. चोवीस वर्षांनी त्याला पाहिले. वाकला आहे, कोट मोठा झाला आहे. रब्बींनी साक्षीदारांसमोर विचारले, "स्वखुशीने देतोस?"

त्याच्या मागे सगळी गल्ली उभी होती. तो म्हणाला, "स्वखुशीने." शम्माला खोकला आला.

रब्बींनी मला अंगठ्या काढायला लावल्या आणि ओंजळ धरायला सांगितली. ख्लीफाने कागद त्यात टाकला आणि म्हणाला, "ही तुझी सोडचिठ्ठी. तू माझ्याकडून सुटलीस. आता तू कोणाही माणसाला मोकळी आहेस." रीतीप्रमाणे मी कागद छातीशी धरून चार पावले चालले. मग रब्बींनी तो घेतला, चिरला आणि आपल्याकडे ठेवला.

मला वाटले होते रडू येईल. भूक लागली. सकाळपासून काही खाल्ले नव्हते. तैता माझ्यासमोर फडक्याने झाकलेले ताट घेऊन उभी होती. मी फडके उचलले. योयो एका बाजूने करपलेले होते.

"जळलेत," मी म्हटले.

"घाईत होते," ती म्हणाली.

आम्ही दोघींनी उभ्यानेच खाल्ले. चौथ्या कलमातले सगळे खरे आहे, म्हणून ते खोडत नाही. फक्त शेवटची ओळ रद्द समजावी, आणि कानातले तिला आजच दिले आहेत. मी मेले की तिने रडायला यावे, आधीही यावे.

पाचव्या कलमात ख्लीफाच्या नावापुढे जे लिहिले आहे ते तसेच ठेवते.

वरीदाने आठव्या वाटीपर्यंत सगळे दिवे लावले. घर तिचे, म्हणून तिने लावले. लोक गेल्यावर ती माझ्याजवळ येऊन बसली. माझी बोटे हातात घेऊन एकेक चोळत बसली. मग म्हणाली, "आई, राहशील ना इथं? माझ्या घरी?"

मी हो म्हणायला तोंड उघडले. मग थांबले. कुठे राहायचे आहे, हे मला आयुष्यात कोणी विचारलेले नव्हते.

मी म्हटले, "विचार करून सांगते."

हे सर्व मी वाचून पाहिले आणि ते माझ्या इच्छेप्रमाणे आहे.

सही: खमीसा, बाप सासी हद्दाद

साक्षीदार: शौशान मामू, रब्बी
हवाती सब्बान, लेखनिक
तैता बित्तान, हिचा अंगठा (बाईची साक्ष शास्त्रात चालत नाही असे तिला सांगितले, तरी तिने उठवला)

ठिकाण: मोठा हारा, जेर्बा
तारीख: १ तेवेत ५७६६, रविवार, १ जानेवारी २००६. पुरवणीच्या शेवटच्या ओळी आणि सह्या दिवे लागल्यावर, वरच्या नवव्या दिव्याच्या उजेडात.